किनाऱ्यावरच्या दिवसभराच्या फेरीसाठी भाड्याची सायकल: कोणती पुरते, कोणती दगा देते

समुद्राकाठच्या उद्यानाच्या दारात भाड्याच्या सायकलींची रांग लागलेली असते आणि बहुतेक जण रंग आवडेल ती उचलतात. तासाभराच्या रपेटीला ते चालून जातं. दिवसभरात 35 ते 50 किलोमीटर करायचे असतील, तर सायकलीचा प्रकार, टायरची रुंदी आणि काउंटरवर घालवलेली दहा मिनिटं यांवर पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो. शहरात झकास पळणारी सायकल किनाऱ्यावर रडवते, त्याला वारा, वाळू आणि मीठ कारणीभूत असतात. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही. अशा उद्यानांत भाड्यानं जे प्रकार मिळतात त्यांचं आणि त्या सेवेत काय बघून घ्यावं याचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो: 38 ते 42 मिलिमीटर टायरची हायब्रिड (रस्त्याच्या आणि माउंटन सायकलीच्या मधली) घ्या, आणि तिला हब गिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात बंद असलेले गिअर, असतील तर दुसरीकडे बघूही नका. बाकीच्या सायकलींना त्यांची त्यांची जागा आहे, पण ती जागा लहान आहे.

हायब्रिड: 5 पैकी साडेचार

किनारी उद्यानाचा मार्ग क्वचितच एकसारखा असतो. बराचसा भाग काँक्रीट किंवा डांबर, मध्येच दाबून बसवलेली बारीक खडी, ओढ्यावर किंवा दलदलीवर लाकडी पाट्यांचा पूल, आणि जिथे झाडं संपतात तिथे फरसबंदीवर उडून आलेली वाळू. या चारही गोष्टी एकाच टायरनं निभवायच्या असतात. 28 मिलिमीटरचा टायर वाळूच्या पट्ट्यात सुरीसारखा रुततो. 50 च्या पुढचा जाड गोटीचा टायर डांबरावर घूं-घूं करत ताकद खातो. 38 ते 42 ही रुंदी मधली आणि समजूतदार. टायरच्या बाजूला 700×38सी किंवा 38-622 असं छापलेलं असतं. दोन्हीचा अर्थ एकच: रुंदी 38 मिलिमीटर आणि टायर रिमवर बसतो तिथला व्यास 622 मिलिमीटर. खरेदी करायच्या ट्यूबवर हेच आकडे जुळले पाहिजेत, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

हवेचा दाब हा भाड्याच्या सायकलीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दुकानदार एकतर दगडासारखी हवा भरून ठेवतो, कारण मग आठवडाभर पंप हातात धरावा लागत नाही, किंवा कधी भरतच नाही. 70 किलोच्या माणसाला 38 मिलिमीटरच्या टायरमध्ये डांबरावर 50 ते 55 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं, पंपाच्या गेजवर दिसणारं एकक) पुरतात. खडी आणि लाकडी पूल जास्त असतील तर 40 ते 45 वर उतरावं. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा 4-5 पीएसआय जास्त ठेवावेत, कारण बहुतेक वजन मागे असतं. टायरवर किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो, त्याच्या बाहेर जाऊ नये. दाब फार कमी असेल तर पाट्यांच्या कडेवर किंवा पदपथाच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली की काटा शोधत बसायचं कारण नाही, हवा कमी होती.

गिअर दोन प्रकारचे येतात. एक, मागे सहा-सात-आठ चकत्या आणि साखळी एकीवरून दुसरीवर सरकवणारा, लोंबणारा डिरेलर. दुसरा, सगळे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद. किनाऱ्यावर दुसरा सरस, कारण वाळूला शिरायला जागा नाही, साखळी सरळ रेषेत चालते आणि थांबलेल्या अवस्थेतही गिअर बदलता येतो. शिमानोचा तीन गिअरचा नेक्सस हब सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमध्ये 186 टक्क्यांचा पल्ला देतो (म्हणजे जड गिअर हलक्याच्या 1.86 पट), सातचा 244, आठचा 307. सपाट किनाऱ्याला तीन गिअरसुद्धा पुरावेत असं वाटतं, पण समोरून वारा आला की हलका गिअर हवासा होतो, म्हणून सात किंवा आठचा मागावा. या हबचा एक नेहमीचा दोष म्हणजे केबल ताणली गेली की गिअर मध्येच सटकतो आणि पाय हवेत फिरतो. सात-आठ गिअरच्या हबमध्ये चौथा गिअर टाकून हबजवळच्या खिडकीत दोन रंगीत खुणा समोरासमोर आहेत का ते बघायचं. नसतील तर केबलच्या टोकाचा गोल अॅडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवून त्या जुळवायच्या. दुकानात कोणालाही दोन मिनिटांत जमेल असं काम आहे. करायला नकार देणारं दुकान सोडून द्यावं.

साडेचारच का? बसण्याची ठेवण. भाड्याच्या बहुतेक हायब्रिडचं हँडल उंच असतं आणि पाठ सरळ राहते. आरामाला छान, वाऱ्याला मात्र छाती म्हणजे शीड.

बीच क्रूझर: दहा किलोमीटरसाठी 4, दिवसभरासाठी 2

रुंद सीट, मागे वळलेलं हँडल, 26×2.125 चे फुगीर टायर. फोटोत हिच्यासारखी दुसरी नाही. बहुतेकींना एकच गिअर असतो आणि ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. हा ब्रेक वाळू-पाण्याची पर्वा करत नाही हे खरं. पण त्याला तीन बाजू आहेत ज्या दुकानात सांगत नाहीत. ब्रेक जोरात लागायला पायडलं आडवी असावी लागतात. एक पाय तळाशी, एक वर असेल तर जोर मिळत नाही. थांबल्यावर पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही. आणि साखळी उतरली की ब्रेकही गेला. म्हणून जिच्या हँडलवर पुढच्या चाकाचा हातब्रेक नाही अशी क्रूझर उतार असलेल्या मार्गावर नेऊ नये. साखळीचा ढिलेपणा मधोमध बोटानं दाबून बघावा: वर-खाली मिळून 1 ते दीड सेंटिमीटर ठीक, त्याहून जास्त हलत असेल तर ती उतरणार.

रुंद सीटबद्दल एक गैरसमज. मऊ गादी पहिले पाच किलोमीटर सुखाची वाटते, नंतर मांडीच्या आतल्या बाजूला घासू लागते. वीस किलोमीटरच्या पुढे अरुंद आणि जरा टणक सीटच बरी.

फॅट बाईक: फक्त ओल्या वाळूसाठी

चार इंच रुंद टायर. कोरड्या भुसभुशीत वाळूत हिलाही घाम फुटतो, तिथे ती चालते म्हणण्यापेक्षा रेटली जाते. तिचं खरं राज्य ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या घट्ट ओल्या वाळूवर. तिथे 6 ते 8 पीएसआय ठेवावेत. तळहातानं टायर दाबल्यावर सहज दबला पाहिजे. तेच टायर त्याच हवेवर डांबरावर आणले की सायकल गोंदातून चालल्यासारखी चालते आणि हँडल आपोआप एका बाजूला ओढतं. म्हणजे मार्गाचा अर्ध्याहून अधिक भाग वाळूवर असेल तरच ही घ्या, आणि सोबत छोटा पंप आणि कमी दाब दाखवणारा गेज असू द्या. साधा गेज 10 पीएसआयच्या खाली नीट सांगत नाही.

वाळूवर उतरायला उद्यानाची परवानगी आहे का, हे आधी फलकावर वाचावं. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा बहुतेक ठिकाणी बंद असतात, आणि त्या योग्यच बंद असतात.

माउंटन बाईक, घडीची सायकल, अॅपवरची सायकल

माउंटन बाईक चालते, पण पुढचा शॉकर सपाट मार्गावर प्रत्येक पायडलीत थोडा-थोडा जोर गिळतो. लॉक करायची कळ असेल तर लावून टाकावी. भाड्याच्या स्वस्त शॉकरांत मिठामुळे दांड्या गंजून अडकलेल्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा आपसूक सुटतो.

घडीच्या सायकलीची 20 इंची चाकं पाट्यांच्या फटींत आणि वाळूत लवकर अडखळतात. लोकल गाडीनं किंवा बसनं येऊन अर्धा मार्ग करायचा असेल तरच तिचा उपयोग.

अॅपवर उघडणाऱ्या, ठरावीक थांब्यांवर लावायच्या सायकली थांब्यापासून थांब्यापर्यंतच्या छोट्या प्रवासासाठी बनवलेल्या असतात. मजबूत, जड, तीन गिअरच्या. दिवसभरासाठी अडचण अशी की भाडं मिनिटांवर मोजलं जातं आणि चहाला थांबलात तरी मीटर चालू. शिवाय सोडायची जागा ठरावीक सीमेच्या आत असावी लागते. किनारी मार्गाचं दुसरं टोक त्या सीमेत येतं का हे नकाशावर आधी बघावं, तिथे पोचल्यावर नव्हे.

ई-बाईक: वाऱ्यात सोन्याची, बॅटरी संपल्यावर लोखंडाची

समोरच्या वाऱ्यावर खरा उतारा ही सायकल आहे. युरोपातल्या ईएन 15194 मानकात मोटर जास्तीत जास्त 250 वॅटची असते आणि मदत ताशी 25 किलोमीटरला थांबते. काही देशांत मर्यादा वेगळ्या असतात. दुकानदार 'शंभर किलोमीटर जाते' म्हणतो तेव्हा तो सगळ्यात कमी मदतीवरचा, वारा नसतानाचा आकडा सांगत असतो. हिशेब स्वतः करावा. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले असतात. नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास: 36 व्होल्ट आणि 11 अँपिअर-तास म्हणजे जवळपास 400 वॅट-तास. मधल्या मदतीवर किलोमीटरला 8 ते 12 वॅट-तास जातात, म्हणजे 33 ते 50 किलोमीटर. जुन्या बॅटरीत यातला पाचवा भाग गेलाच समजा. म्हणजे वाऱ्याच्या दिवशी 40 किलोमीटरच्या फेरीला भरवसा उरत नाही. वाऱ्याविरुद्ध जाताना मदत वापरा, वाऱ्याबरोबर येताना बंद करा, एवढी शिस्त पाळली तर पुरते. संपली तर 22 ते 26 किलोचं ओझं पायांनी ओढायचं.

बॅटरी घेताना तिची पितळी टोकं बघावीत. हिरवट-पांढरी पूड दिसली तर मीठ पोचलंय. अशी सायकल खड्ड्यात दणका बसला की मध्येच बंद पडते आणि पुन्हा चालू होते, आणि दोष कुठे आहे ते कोणाला सापडत नाही.

मुलांसाठी

मागे लावायची दोन चाकांची गाडी बरी, पण तिची रुंदी साधारण 75 ते 85 सेंटिमीटर असते. मार्गाच्या तोंडाशी वाहनं रोखायला रोवलेल्या खांबांमधून ती जाते का हे टेपनं किंवा पावलानं मोजून घ्यावं. बाजूनं येणाऱ्या वाऱ्याच्या झोतात ती सायकलीची शेपटी हलवते. आतल्या मुलाला हेल्मेट आणि पट्टा दोन्ही हवेत, आणि पुढची जाळी खाली हवी. जाळी किड्यांसाठी आहे असं वाटतं, पण मागचं चाक उडवतं ती वाळू सरळ मुलाच्या डोळ्यांत जाते. पाचेक वर्षांच्या मुलाला 16 किंवा 20 इंची स्वतःची सायकल देण्याआधी मार्गाची लांबी विचारात घ्यावी. जाताना मूल वाऱ्यावर उडत जातं आणि येताना कोणालातरी एका हातानं दुसरी सायकल ढकलावी लागते.

ताब्यात घेताना: दहा मिनिटं, या क्रमानं

आधी चाकं. पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या शूजवळ नजर ठेवा. रिम डावी-उजवीकडे 2 मिलिमीटरहून जास्त डुलत असेल तर चाक आऊट आहे, दुसरी सायकल मागा. स्पोक जोडी-जोडीनं चिमटीत दाबून बघा. एखादा लुळा लागला तर दिवसभरात तो तुटण्याची शक्यता चांगलीच.

मग चाकाची खिट्टी. झटपट सोडायचा लिव्हर बंद करताना अर्ध्या वाटेपासून जोर लागला पाहिजे आणि तळहातावर त्याची खूण उमटली पाहिजे. गोल फिरवून घट्ट केलेला लिव्हर हा भाड्याच्या दुकानांतला नेहमीचा घोटाळा. तो स्क्रूसारखा फिरवायचा नसतो, कळीसारखा मुडपायचा असतो.

ब्रेक: दोन्ही लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलपासून दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला आहे. रिमवर लागणाऱ्या ब्रेकच्या रबरात चमकणारे कण दिसले तर ती वाळू किंवा अॅल्युमिनियमचे तुकडे आहेत. ते सुईनं काढले नाहीत तर रिमवर रेघा पाडतात. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला हात लावायचा नाही, आणि सनस्क्रीन लावलेल्या हातानं तर मुळीच नाही. तेलकट बोटाचा एक ठसा ब्रेक किंचाळायला आणि घसरायला पुरतो.

साखळी. पुढच्या मोठ्या चकतीवर, समोरच्या टोकाला साखळी बोटानं ओढून बघा. दात्याचा अर्धा भाग उघडा पडला तर साखळी झिजून लांबलीय आणि जोर लावल्यावर दाते सोडणार. वरून तपकिरी गंज पण बोटाला तेल लागतंय, हे चालतं. कोरडी ठणठणीत साखळी चालणार नाही. दुकानात तेल मागा.

सीटची उंची सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल तळाशी न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर न झुकता. चालवताना टाचेऐवजी पंजा पायडलवर येतो, त्यामुळे गुडघ्यात 25 ते 30 अंशांचा वाक आपोआप राहतो. बहुतेक जण दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि वीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. दांडा हलत नसेल तर फ्रेममध्ये मिठानं जाम झालाय, हातोडीनं ठोकू नका, दुसरी सायकल घ्या. ठरलेल्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करावी, कारण खिट्टी नीट आवळलेली नसेल तर सीट तासाभरात हळूहळू खाली सरकते आणि ते लक्षातही येत नाही.

दुकानाला विचारायचे प्रश्न

दिवस म्हणजे किती तास? उशीर झाला तर भाडं तासावर वाढतं की दुसरा पूर्ण दिवस धरतात? पंक्चर कोणाच्या खात्यात, आणि मार्गावर मदतीला माणूस येतो का? कुलूप, पंप, एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या सोबत देतात का? आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न: दुसऱ्या टोकाला सायकल सोडता येते का? ज्या सेवेची दोन टोकांना दोन ठाणी आहेत, तिथे वाऱ्याच्या दिशेनं एकेरी जाऊन बसनं परतता येतं. ही सोय असलेलं दुकान थोडं महाग असलं तरी आमच्या मते तेच घ्यावं. सायकलीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, विशेषतः आधीचे ओरखडे, डिरेलर आणि रिम. अनामत परत घेताना वाद यांवरूनच होतात.

ट्यूबचा वॉल्व कुठला आहे तेही बघा. मोटारीसारखा जाड वॉल्व, बारीक लांब प्रेस्टा, किंवा जुना रबरी नळीचा. जाड वॉल्वला रिममध्ये 8.5 मिलिमीटरचं भोक लागतं, प्रेस्टाला 6.5. त्यामुळे मोठ्या भोकात वेळप्रसंगी प्रेस्टाची ट्यूब बसते, उलट होत नाही. पंपाचं तोंड जुळतं का हे दुकानातच एकदा लावून बघावं.

वारा आणि वेळ

अंदाजात 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. नकाशावरचा बाण वारा कुठे जातो ते दाखवतोय की कुठून येतो ते, हे अॅपनुसार बदलतं. एकदा खात्री करून घ्या. अंदाजातला वेग जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो. सायकलस्वाराच्या उंचीवर तो कमी लागतो, पण मोकळ्या किनाऱ्यावर फार कमी नाही.

किती फरक पडतो याचा ढोबळ हिशेब असा. वारा नसताना सरळ बसून आरामात ताशी 15 किलोमीटर जाणारा माणूस, अंदाजातला 20 किलोमीटरचा वारा समोरून आला तर तेवढ्याच जोरात साडेनऊच्या आसपास येतो. तोच वारा पाठीशी असेल तर 21 पर्यंत जातो. 20 किलोमीटर जाऊन 20 परत यायचे असतील तर वारा नसताना 2 तास 40 मिनिटं लागतात, वाऱ्यात 3 तास 5 मिनिटं. म्हणजे जाताना गेलेलं येताना पुरतं परत मिळत नाही. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जावं, ताजे पाय असताना. उलट केलं तर पाठीवरच्या वाऱ्यात आपण फार दमदार आहोत असा भ्रम होतो आणि तासाभरात गाठलेल्या जागेवरून परतायला दोन तास लागतात. कुठून परत फिरायचं हे किलोमीटरवर नको, घड्याळावर ठरवा.

खारे वारे म्हणजे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे. ते सकाळी उशिरा सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि सूर्यास्ताकडे मंदावतात. मार्ग किनाऱ्याला समांतर असतो, त्यामुळे हा वारा बहुधा कुशीतून लागतो. तो तटस्थ नसतो, त्यानंही वेग कमी होतो. झाडांच्या किंवा इमारतींच्या आडून मोकळ्यात येताना झोत एकदम बसतो तेव्हा हँडल घट्ट आवळू नका. कोपरं सैल ठेवा आणि शेजारच्या सायकलस्वारापासून दीडेक मीटर अंतर राखा. सकाळी आठला निघून अकरापर्यंत वाऱ्याविरुद्धचा टप्पा उरकणं हे सगळ्यात सोपं वेळापत्रक.

40 किलोमीटरचं अंदाजपत्रक: चालवण्याचे 3 तास, दर तासाला 15 मिनिटं थांबण्याची म्हणजे 45 मिनिटं, जेवण एक तास, पंक्चरसाठी राखीव अर्धा तास. सव्वापाच तास. दुकान बंद होण्याआधी एक तास हातात राहील असं मागे मोजून निघायची वेळ काढा. पाणी गरम हवेत तासाला अर्धा ते पाऊण लिटर. वाऱ्यात घाम अंगावर टिकत नाही आणि तहान उशिरा कळते, म्हणून घड्याळ बघून प्यावं. सनस्क्रीन दर दोन तासांनी. मानेची मागची बाजू आणि हातांचे पालथे भाग नेहमी विसरले जातात.

भरती-ओहोटी

वाळूवरून किंवा खाडीच्या सखल भागातून मार्ग जात असेल तर भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय जाऊ नये. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं असतात, त्यामुळे वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण असतं, पाणी वरपर्यंत येतं आणि लांबवर ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, फरक कमी. वाळूवर चालवायला ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दीड तास एवढाच पट्टा धरावा. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी फारसं हललेलं दिसत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात वेगानं चढतं. दर तासाला एकूण उंचीच्या साधारण चौथ्या भागाइतकं.

मार्गावर काय बिघडतं

फरसबंदीवर वाळूचा पट्टा दिसला तर तो येण्याआधी गिअर हलका करा, वेग कमी करा आणि आत शिरल्यावर ब्रेक लावू नका, वळू नका. वजन थोडं मागे, पायडल चालू. पुढचं चाक वळलेलं असताना ब्रेक लागला की सायकल जागीच आडवी होते. किनाऱ्यावरच्या पडापडीत हाच प्रकार नेहमी दिसतो.

लाकडी पूल पहाटे दवानं किंवा लाटांच्या तुषारांनी ओला असतो आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. तिथेही सरळ चाला, वळण पुलानंतर घ्या. पाट्या आडव्या असतील तर फक्त खडखडाट होतो. मार्गाच्या दिशेनं उभ्या असतील तर फटीत चाक अडकतं, उतरून ढकलणं शहाणपणाचं.

साखळीतून करकर आवाज यायला लागला की लगेच तेल ओतायचा मोह होतो. तेलावर वाळू चिकटते आणि त्याचा पॉलिश पेपर तयार होतो. आधी कोरड्या फडक्यानं साखळी पुसा, पायडल उलटं फिरवत. मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, दोन मिनिटं थांबून वरचं सगळं तेल परत पुसून टाका. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर नको. वाळूच्या मार्गावर मेणाचं कोरडं वंगण बरं, ओल्या दिवशी मात्र ते टिकत नाही.

पंक्चर झालं तर वाळूत सायकल उलटी करू नका. चाक बाहेर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळू फिरवा. शिंपल्याचा तुकडा तसाच राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते. सोल्यूशन लावल्यावर ते कोरडं दिसेपर्यंत थांबावं, ओल्यावर चिकटवलेला तुकडा हवेच्या दाबानं सुटतो. ट्यूब बसवण्याआधी तिच्यात थोडी हवा भरून गोल आकार द्यावा, म्हणजे ती मुडपत नाही.

स्वतःची सायकल नेली असेल तर

परतल्यावर धुणं उद्यावर टाकू नका. खाण्याचं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि किनाऱ्याजवळ रात्री ती तेवढी असतेच. म्हणून दिवसभर कोरडी राहिलेली साखळीही सकाळी तांबूस दिसते. गोड्या पाण्याच्या हलक्या धारेनं, बादली-मगानं धुवावी. जोराचा फवारा हब, हेडसेट आणि पायडलच्या एक्सलवर मारला तर मीठ बाहेर येण्याऐवजी बेअरिंगच्या आत जातं. पुसून, साखळीला तेल देऊन झाल्यावर सीटचा दांडा बाहेर काढून फ्रेम उलटी करावी, बाटलीच्या स्टँडचे स्क्रू ढिले करावेत. आतून चमचाभर खारं पाणी आणि बारीक वाळू पडते. दांडा कोरडा करून ग्रीस लावूनच परत बसवावा.